धाब्याच्या घरातलं सागवान ठेवून वर पातळ स्लॅब: लाकूड आणि काँक्रीटची जोडणी कशी करायची

खान्देशात जुनं धाब्याचं घर, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं, उतरवायचं ठरलं की आधी लाकूड घेणारा दारात येतो. एरंडोल, पारोळा, अमळनेर, चोपडा, कुठंही बघा, आजा-पणजाच्या काळातले सागवानी सर (छत पेलणाऱ्या तुळया) नि कड्या ट्रकमध्ये भरून जातात आणि त्याच जागी पाच इंची आरसीसी स्लॅब पडतो. प्रत्येक ठिकाणी हे चूक आहे असं नाही, लाकूड खरंच गेलेलं असेल तर काय करणार. पण निम्म्या घरांत तरी लाकूड चांगलं असतं, फक्त मजला हलतो, माती गळते, म्हणून सगळं काढून टाकतात. अशा घरांसाठी मधला रस्ता आहे: धाब्याची माती काढायची, सर तसेच ठेवायचे, आणि वर साधारण ६० एमएमचा पातळ काँक्रीटचा थर टाकून तो लाकडाला पक्का जोडायचा. सगळा खेळ या जोडण्यातच आहे आणि आपल्याकडे नेमकं तेच कोणी नीट करत नाही, म्हणून हा लेख.

एक अट आधीच सांगतो. हे काम स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीशिवाय करू नका. भारतीय मानकांपैकी आयएस ८८३ लाकडासाठी आहे, आयएस ४५६ काँक्रीटसाठी, पण दोघांना जोडणाऱ्या भागाचे नियम या दोन्हीत नाहीत, त्यासाठी युरोकोड ५ (लाकडी बांधकामाचं युरोपियन मानक) चं परिशिष्ट बी आणि २०२१ चं युरोपियन टेक्निकल स्पेसिफिकेशन १९१०३ बघावं लागतं. इंजिनीअरला हे दोन नंबर सांगा, त्याला पुढचं कळेल. पद्धत नवीन नाहीये बरं का, जर्मनीत १९२२ सालीच याचं पेटंट निघालं होतं, अमेरिकेत १९३० च्या दशकात असे छोटे पूल बांधले आणि इटलीत गेली चाळीस वर्षं जुन्या इमारतींचे लाकडी मजले असेच वाचवतात.

जोडणी नसली तर काय होतं

दोन फळ्या एकावर एक ठेवा, दोन्ही टोकांना टेकू द्या आणि मधे दाबा. दोन्ही वाकतात आणि टोकाला बघितलं तर एक फळी दुसरीवरून सरकलेली दिसते. लाकडावर नुसतं काँक्रीट ओतलं की तेच होतं, स्लॅब वेगळा वाकतो, सर वेगळा वाकतो, उलट सरावर वजन तेवढं वाढतं. तेच सरकणं थांबवलं की वरचं काँक्रीट दाब घेतं, खालचं लाकूड ताण घेतं आणि दोघं मिळून एकच खोल बीम झाल्यासारखे वागतात.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. सर १०० बाय १५० एमएमचा, खण (दोन भिंतींमधलं अंतर) ३ मीटरचा, सरांमधलं अंतर ६०० एमएम, वर ६० एमएम एम२५ प्रतीचं काँक्रीट. सागाचा इलास्टिक मॉड्युलस (सामानाच्या ताठपणाचा आकडा) १०,००० आणि काँक्रीटचा २५,००० न्यूटन प्रति चौ. एमएम धरला. जोडणीच नसेल तेव्हाचा ताठपणा १ मानला तर अजिबात न सरकणाऱ्या जोडणीने तो साधारण साडेतीनपट होतो. प्रत्यक्षात न सरकणारी जोडणी नसतेच, १२ एमएमचे कोच स्क्रू (लाकडात पान्याने बसवायचे जाड स्क्रू) सरासरी १५० एमएमवर मारले तर हिशोब २.१ पटीच्या आसपास येतो आणि ३० एमएम खोल खाचा योग्य अंतरावर केल्या तर २.६ पटीच्या आसपास. युरोकोडच्या गॅमा पद्धतीने (गॅमा म्हणजे जोडणी किती पक्की, ० ते १) काढाल तेव्हा स्क्रूचा गॅमा जेमतेम ०.१ निघतो आणि तो बघून वाटतं काहीच फायदा नाही, पण काँक्रीट इतकं ताठ असतं की त्याचा दहावा हिस्सा कामाला आला तरी मजला दुप्पट ताठ होतो. हे आकडे नव्या कामाचे आहेत, वर्षानुवर्षांच्या क्रीपने (कायमच्या वजनाखाली हळूहळू वाकत जाण्याने) काँक्रीट, लाकूड आणि जोडणी तिघं सैल होतात, त्यामुळे दीर्घकाळच्या झोळाचा हिशोब इंजिनीअरने वेगळा करायला हवा.

आता वजन. नऊ इंच मातीचं धाबं म्हणजे चौरस फुटाला साधारण ३५ किलो, ६० एमएम काँक्रीट म्हणजे १४ किलो. माती काढून काँक्रीट टाकलं तर घर उलट हलकं होतं! हे लोकांना सांगितलं की विश्वासच बसत नाही. आणि १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीच्या जड धाब्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आपला तापी-सातपुड्याचा पट्टाही २०१६ च्या भूकंप नकाशात झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात, आहे, त्यामुळे डोक्यावरचं वजन कमी होणं ही छोटी गोष्ट नाही.

आधी लाकूड तपासा

सराचा मधला भाग बघून फसू नका, मधे लाकूड बहुतेक चांगलंच असतं. खराबी असते भिंतीत गेलेल्या टोकांना, कारण तिथं ओल बसते आणि हवा लागत नाही. प्रत्येक टोकाजवळची भिंत थोडी मोकळी करा, जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून खुपसा, चांगल्या सागात तो जेमतेम दोन-तीन एमएम जातो, सडलेल्यात सरळ आत घुसतो. हातोडीने ठोकत जा, भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कोणत्याही जुन्या सुताराला डोळे मिटून कळतो, त्याला सोबत घ्या. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर औषध मारून घेतल्याशिवाय पुढचं काम नको. मॉइश्चर मीटर मिळाला तर बघा, धाबं गळत असेल तर पावसाळ्यानंतर लगेच लाकूड ओलं असतं, ते वाळू द्या. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चपर्यंत लाकूड छान सुकतं आणि ऊनही अजून भाजत नसतं, कामाला हेच महिने धरा.

ताकदीसाठी एक साधी चाचणी आहे जी मी प्रत्येकाला करायला सांगतो. माती काढल्यावर एक सर मोकळा असतो, त्याच्या बरोबर मध्यावर सिमेंटच्या चार गोण्या म्हणजे २०० किलो ठेवा आणि खालून दोरी ताणून किंवा लेसरने तो किती खाली गेला ते मोजा. वरच्या मापाचा चांगला सर साधारण ४ एमएम वाकतो. तुमचं माप वेगळं असेल तर इंजिनीअर त्याचा आकडा काढून देईल. सहा-सात एमएम वाकला तर समजा लाकूड कमजोर आहे किंवा मधे चिरलंय, त्या सराला बदला किंवा जोडसर (शेजारी दुसरा सर) द्या. खाली एक टेकू दोन इंच कमी उंचीचा उभा ठेवा, अचानक काही झालं तर सर त्यावर बसेल, आणि मोजताना कोणी खाली उभं राहू नये.

माती उतरवणं

एका बाजूची सगळी माती एकदम उतरवू नका. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, मधला भाग शेवटी. मातीच्या भिंती त्या वजनाखाली दबून बसलेल्या असतात, वजन एका अंगाने गेलं तर भिंतीचा वरचा भाग मोकळा होऊन हलतो. माती गेली की सर थोडे वर येतात, हे चांगलं लक्षण. खाली तक्तपोशी (सरांवर बसवलेल्या फळ्या) असेल आणि शाबूत असेल तर ठेवा, तीच शटरिंग होते आणि खालून घर पहिल्यासारखंच दिसतं, फक्त मग काँक्रीट आणि सर यांच्यामध्ये फळीची जाडी येते, तिचा परिणाम पुढे सांगतो.

कोणती जोडणी निवडायची

सगळ्यात वाईट म्हणजे खिळे. अर्धे ठोकलेले, वाकवलेले, पाचच्या जागी पन्नास, हे काम बघायला मिळतं आणि दर वेळी वाईट वाटतं. सुकलेलं जुनं साग खिळ्याने फुटतं आणि गुळगुळीत खिळा वर उपटला जातो. स्लॅब नुसता आडवाच सरकत नाही, तो वर उचलायलाही बघतो, त्यामुळे जोडणीला डोकं आणि आटे दोन्ही हवेत.

दुसरा प्रकार, भोक पाडून इपॉक्सीत सळईचे तुकडे बसवणं. इटलीत यानेच खूप कामं झाली. पण आपल्याकडे दोन अडचणी आहेत. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यावर गोंद नीट धरत नाही, वरचा भाग तरी ॲसिटोनने पुसता येतो, खोल भोकाची भिंत कशी पुसणार? आणि नेहमीच्या तापमानात जमणारी बरीच इपॉक्सी ५०-६० अंशाला मऊ पडायला लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला हवाच ४५ च्या आसपास असते, उघड्या गच्चीचा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी वर जातो. मधल्या मजल्यावर एक वेळ चालेल, वरच्या धाब्याला मी तरी नको म्हणेन.

तिसरा आणि आपल्या गावांत सगळ्यात जमणारा प्रकार म्हणजे कोच स्क्रू, षटकोनी डोक्याचे, १२ एमएम जाड. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पान्याने बसतात, सुताराला समजावून सांगावं लागत नाही. लाकडात किमान ८० एमएम आणि काँक्रीटमध्ये ३५-४० एमएम जायला हवेत, म्हणजे फळी नसेल तर १२० ते १३० एमएम लांब आणि एक इंची तक्तपोशी असेल तर १५० एमएम. मधल्या फळीमुळे दोन गोष्टी होतात: काँक्रीट आणि लाकूड यांच्या मध्यांतलं अंतर वाढतं, हा फायदा, पण फळीच्या जाडीत स्क्रू जास्त वाकतो म्हणून जोडणी ढिली होते, हा तोटा. दोन्ही हिशोबात घ्या, नुसता फायदा धरू नका.

चौथा प्रकार खाचांचा, आणि मनापासून सांगायचं तर मला हाच आवडतो. सराच्या वरच्या अंगाला ३० एमएम खोल आणि १५० एमएम लांब खाच पाडायची, काँक्रीट त्यात उतरतं आणि खाचेच्या उभ्या भिंतीवर दाबून जोर देतं. लोखंड कमी लागतं, जोडणी जास्त ताठ होते आणि पटाशी चालवणारा चांगला सुतार असेल तर काम सुंदर होतं. नियम तीन. खाचेची जोर घेणारी भिंत सरळ उभी, कोपरा धारदार, गोलाई नको. दोन खाचांमध्ये, तसंच सराचं टोक आणि पहिली खाच यांच्यामध्ये, खोलीच्या साडेबारापट लाकूड सलग राहिलं पाहिजे, म्हणजे ३० एमएमला ३७५ एमएम, नाहीतर तो तुकडा रेषांबरोबर सोलून निघतो. आणि प्रत्येक खाचेच्या मध्यात एक कोच स्क्रू हवाच, स्लॅब वर उचलू नये म्हणून. सर सहा इंचांपेक्षा कमी उंच असेल किंवा वरच्या अंगाला लांब चीर असेल तर खाच करू नका, स्क्रूवर राहा. खान्देशातल्या बऱ्याच घरांत सर चौकोनी नसून नुसते तासलेले गोल असतात, तिथं खाच पाडताना माथाही सपाट करून घेता येतो.

तिरके पूर्ण आट्याचे स्क्रू हा पाचवा प्रकार, ४५ अंशात मारतात. यात स्क्रू वाकत नाही, सरळ ताण घेतो, म्हणून कमी स्क्रूत जास्त ताठपणा मिळतो. पण दिशा चुकली तर सगळं गेलं: स्क्रूचं डोकं जवळच्या भिंतीकडे आणि टोक खणाच्या मध्याकडे असायला हवं, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना उलट कल. मजल्यावर खडूने मध्यरेषा मारूनच सुरुवात करा. असे स्क्रू मागवावे लागतात, महाग पडतात.

स्क्रूचं अंतर

सरकवणारा जोर खणाच्या मध्यात जवळजवळ शून्य असतो आणि भिंतीजवळ सगळ्यात जास्त, म्हणून भिंतीकडे स्क्रू दाट आणि मध्यात विरळ. ३ मीटरच्या खणाला दोन्ही बाजूंच्या पाऊण मीटरमध्ये १२५ एमएमवर आणि मधल्या दीड मीटरमध्ये २२५ एमएमवर. युरोकोडच्या सूत्रात दाट अंतराचा ७५ टक्के आणि विरळ अंतराचा २५ टक्के हिस्सा धरतात, यातून बरोबर १५० येतं. विरळ अंतर दाटच्या चौपटीहून जास्त नको. वरच्या उदाहरणात फ्लोअरिंग आणि २ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर राहता भार धरून टोकाच्या दाट स्क्रूवर अडीच-तीन किलोन्यूटन, म्हणजे अडीचशे-तीनशे किलोच्या आसपास जोर येतो. ‘चार स्क्रू कमी मारले तर काय होतं भो’ असं कोणी म्हटलं तर हा आकडा सांगा.

भोक पाडल्याशिवाय सागात कोच स्क्रू मारूच नका. आट्याच्या भागाला ८ ते ८.५ एमएम भोक, वरच्या गुळगुळीत दांड्याच्या भागाला १२ एमएम. सराच्या कडेपासून स्क्रू ४० एमएम तरी आत, टोकापासून ८५-१०० एमएम आत, आणि एकाच रेषेत न घेता थोडे नागमोडी घ्या म्हणजे चीर एकाच रेषेत धावत नाही. हातोडीने ठोकून अर्धा घालायचा आणि शेवटी दोन वेढे पान्याने, ही सवय सुतारांना असते, उभं राहून बंद करा, ठोकलेल्या स्क्रूने लाकडातले आटे तुटतात.

टेकू, जाळी, प्लास्टिक

टेकू काँक्रीटच्या आधी. प्रत्येक सराखाली मध्यात एक, खण साडेतीन मीटरच्या वर असेल तर दोन. ओलं काँक्रीट फक्त लाकडाच्या जिवावर उभं राहिलं तर सर आधीच वाकतो आणि तो बाक कायमचा जमून बसतो, टेकू असेल तर ते वजनसुद्धा नंतर जोडलेला मजला मिळून घेतो. मध्यात ५ ते ८ एमएम वर उचलून घ्या, कारण काँक्रीट आकसतं आणि लाकूड त्याच्याबरोबर आकसत नाही, त्यामुळे मजला थोडा खाली येणारच.

तक्तपोशीवर किंवा फळ्यांवर प्लास्टिक कागद अंथरा, नाहीतर सुकं लाकूड काँक्रीटचं पाणी ओढून घेतं, लाकूड फुगतं आणि काँक्रीट कच्चं राहतं. खाचा असतील तर तिथला कागद कापून खाच मोकळी ठेवा आणि आतून पाणी अडवणारा पातळ हात द्या. वर ८ एमएम सळईची जाळी, १५० एमएम चौकटीची, कव्हर ब्लॉकवर, स्क्रूच्या डोक्यांखालून जाईल अशी. लाईटच्या पाइपांवर लक्ष ठेवा. इलेक्ट्रिशियनला सरावरून सरळ पाइप नेणं सोपं वाटतं, पण तीच स्क्रूची रेष असते आणि ६० एमएमच्या थरात २५ एमएमचा पाइप म्हणजे तिथलं काँक्रीट अर्धं गेलं. पाइप दोन सरांच्या मधूनच न्या.

भिंतीकडची जोडणी लोक विसरतात. स्लॅबमधून भिंतीत दर मीटरभराला सळईचा आकडा काँक्रीटच्या गट्टूत घ्या, म्हणजे भूकंपात मजला आणि भिंत एकत्र राहतात. पण सराचं टोक मात्र काँक्रीटमध्ये गाडू नका, बाजूने नि वरून बोटभर मोकळी जागा ठेवा, खाली दगडी किंवा काँक्रीटचा पाट. काँक्रीटमध्ये कोंडलेलं सागाचं टोक ओल धरतं आणि आतून सडतं, बाहेरून काही दिसत नाही.

काँक्रीट आणि क्युरिंग

एम२५, खडी १० ते १२ एमएम, पाणी कमी, गरज पडली तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन). पातळ थरात पाणी वाढवलं की आकसणं वाढतं आणि इथं आकसणं म्हणजे थेट झोळ. सगळं काँक्रीट एकाच जागी ढिगारा करून ओतू नका, टेकू सरकतात. पहाटे सुरू करून नऊ-दहाच्या आत संपवा.

क्युरिंगला खरी पंचाईत आहे. उन्हाळ्यात आयएस ४५६ प्रमाणे किमान १० दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस ओल ठेवायची, आणि आपल्याकडची पद्धत म्हणजे आळी करून पाणी भरणं. इथं आळी चालणार नाही. स्क्रूच्या भोकांतून आणि कागदाच्या जोडांतून पाणी सरात उतरतं, महिनाभरात लाकूड फुगतं, काळं पडतं. ओली गोणपाटं टाका, त्यावर प्लास्टिक झाका, दिवसातून तीन-चारदा फक्त गोणपाट भिजेल एवढंच पाणी मारा. पहिले दोन-तीन दिवस गरम वारा लागू देऊ नका, खिडक्या बंद ठेवा किंवा ताडपत्री लावा.

टेकू २८ दिवस राहू द्या. नुसत्या आरसीसी स्लॅबचे लवकर काढतात म्हणून इथंही घाई होते. काढताना मधल्या खणापासून भिंतीकडे, प्रत्येक टेकू थोडा थोडा सैल करत, एकदम हिसका नको.

वरचं धाबं असेल तर

मधल्या मजल्यावर हे काम निर्धास्त करा. उघड्या गच्चीवर करायचं असेल तर वॉटरप्रूफिंग आधी ठरवा, कारण एक गळती तुमच्या डोळ्याआड लाकूड खाईल. चार इंची ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) टाकू नका, त्याचं वजन चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास जातं, म्हणजे माती काढून मिळवलेलं सगळं परत गेलं. हलकी वॉटरप्रूफिंगची मेम्ब्रेन, त्यावर पांढरा उष्णता परतवणारा कोट, आणि पाण्याला चांगला उतार. उतार काँक्रीटच्या जाडीने देऊ नका, सरांची बैठकच थोडी उतरती घ्या.

काम झाल्यावर खालून पीओपीची छत मारू नका. सरांची टोकं दर पावसाळ्यानंतर दिसली पाहिजेत, बॅटरी मारून ओल, वाळवी नि नवीन चिरा बघायच्या, आणि मध्यावर ताणलेल्या दोरीपासून झोळ किती ते मोजून भिंतीवर पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवायचं. पहिल्या दोन वर्षांत थोडा वाढतो, मग थांबायला हवा. तिसऱ्या वर्षीही वाढतोय असं दिसलं तर खाली टेकू लावा आणि इंजिनीअरला बोलवा.